खाली न ठेवलेले शिंग

मित्रांनो, मी एक जुने शिंग आहे. पण माझा तोरा मात्र नव्या नवरीचा! डोंगरातल्या एका दांडग्या बैलाच्या डोक्यावर मी वाढले. कारागिराने मला उकळले, तासले आणि तोंडाला चांदीची कड बसवली. तिथून मी द्राक्षमळ्यांच्या काखेती प्रांतात शाल्वाच्या घरी आले. मला बूड नाही, त्यामुळे भरलेले असताना मला टेबलावर ठेवता येत नाही. ज्याने हाती घेतले, त्याने रिकामे करूनच सोडायचे.

शाल्वा गावाचा तमादा होता. मेजवानीत कुणाच्या तरी नावाने चार शब्द बोलून सगळ्यांना प्यायला लावणे हा तमादाचा मान. तो बोलू लागला की म्हातारे डोळे पुशीत, आणि मग तो मला एका दमात रिकामे करी. घोट घोट पिणाऱ्यांना मी मनातून हसत असे.

पुढे शाल्वाच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टरांनी तो भाग काढला आणि जठर वर ओढून जोडले. तो घरी आला तो निम्मा होऊनच. मी खिळ्यावर लटकले आणि कोळ्याने माझ्यात बिऱ्हाड थाटले.

त्याची बायको त्सियाला ताटात चीज भरलेल्या रोट्यांचा डोंगर रची. तो पाहूनच शाल्वाला मळमळे.

"माझ्या हाताची चव गेली का रे?" ती रडवेली होऊन विचारी.

"चव आहे गं. वासानंच ढवळतंय, त्याला मी काय करू?"

डॉक्टरांनी बजावले होते, "थोडं थोडं, पण सारखं घ्या. ताठ बसून घ्या. वजन असंच उतरत राहिलं, तर दवाखान्यातल्यासारखी पोटात पुन्हा अन्नाची नळी घालावी लागेल." नळीच्या धास्तीने तो आणखीच खंगला.

"नळीनं जेवणारा तमादा!" तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "लोकांत कुठल्या तोंडानं बसू?"

एके दिवशी शेजारचा गुराम आला. त्याने मला खिळ्यावरून काढले, घासून धुतले आणि माझ्यात गार, पातळ ताक ओतले. "त्सियाला, तुझी चूल आजपासून माझ्या अंगणात. वास इथे नको." मग मला उंच धरून त्याने सुरुवात केली, "हे आपल्या आयांच्या नावानं. आया... आया फार चांगल्या असतात."

शाल्वा ताडकन उठून बसला. "गाढवा, आईबद्दल असं बोलतात? आण इकडे!"

तो बोलला, आणि असा बोलला की त्सियालाने डोक्यावरच्या रुमालाचे टोक डोळ्यांना लावले. बोलल्यावर प्यायलाच हवे. त्याने एक घोट घेतला. पोटात ढवळले तसे डोळे मिटून तो थांबला. मला खाली ठेवायची सोय नव्हती; गुरामने मला हाती धरले आणि पूर्वजांविषयी पुन्हा काहीबाही बरळू लागला. शाल्वाला राहवेना. दुसरा घोट गेला. मला रिकामे व्हायला अख्खी दुपार लागली!

तेव्हापासून रोज तेच. कधी ताक, कधी गार सूप. गुराम मुद्दाम वाईट बोले, हे शाल्वा ओळखून होता. पण तमादाच तो, गप्प कसा बसेल? वजन उतरायचे थांबले, मग हळूहळू चढले. नळीचे नाव निघाले नाही.

द्राक्षे उतरवल्यावर अंगणात मेजवानी झाली. शाल्वा ताठ उभा राहिला, बोलला आणि त्याने ताकाचा एकच घोट घेतला. परगावचा एक पाहुणा खिदळला, "ताक? आणि तेही घोटभर? शिंग रिकामं कर की, तमादा!"

"होईल रिकामं," त्सियाला कडाडली आणि तिने मला हाती घेतले. तिने घोट घेतला, मग गुरामने. वाइनवर वाढलेले ते गडी तोंडे वेडीवाकडी करीत ताक पीत होते! पाहुण्यालाही प्यावेच लागले. सगळ्यांच्या हातून फिरून मी शाल्वाकडे परतले, तेव्हा माझ्यात शेवटचा घोट उरला होता. तो त्याने घेतला आणि मला सगळ्यांसमोर उलटे धरले.

मित्रांनो, किती लग्ने गाजवली म्हणून मी मिरवत नाही. त्या ताकासाठी मिरवते. तुमच्या घरी कुणाला अन्न जात नसेल, तर ताट भरून त्याला दटावू नका. घोटभर द्या, शेजारी बसा, आणि त्याला पुढचा घोट जाईपर्यंत शिंग तुमच्या हातात धरा.