तुटक्या बिस्किटांवरची दुपार

"तोंड उघड."

तो दाराशी बूट काढत होता, तोच आई जवळ आली. चाळिशी उलटलेल्या त्या माणसाने मुकाट्याने तोंड उघडले. वास आला नाही, तेव्हा तिचा संशय अधिकच वाढला.

"तुझा बापही पेपरमिंट चघळूनच घरात शिरायचा."

"आई, मी पीत नाही गं."

"मग यकृत काय हवा खाऊन सुजलं?"

तिचा नवरा यकृताच्याच दुखण्याने गेला होता. त्या घरात या दुखण्याला दारूशिवाय दुसरा अर्थच उरला नव्हता. तपासणीत मुलाच्या यकृतावर चरबी आणि सूज निघाल्यापासून तिने त्याच्या हातचा चहाही सोडला होता.

बिस्किटांच्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावरची तुटकी बिस्किटे वेचणे हे त्याचे काम. ती कामगारांनी तिथेच खावीत, घरी नेऊ नयेत, असा रिवाज होता. आईची बोटे आखडू लागली तेव्हा, तिने डब्यासाठी पहाटे उठू नये म्हणून, 'जेवण कारखान्यातच मिळतं' असे त्याने सांगून टाकले. तेव्हापासून त्याची दुपार त्या तुकड्यांवरच निभत आली होती. सोबती त्याला 'चुरामामा' म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईला घेऊन दवाखान्यात गेला.

"दुपारी काय जेवता?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

आईकडे न पाहता त्याने खरे ते सांगितले.

"आजी, आतड्यात जिवाणूंची वस्ती असते," त्या म्हणाल्या. "डाळी, भाज्या मिळाल्या की त्यातले गुणी टिकतात. नुसता मैदा नि साखर मिळाली की दांडगे माजतात. आतड्याचं अस्तर सैल पडतं, त्यांचं विष रक्तातून यकृतात उतरतं. मग सूज येते, चरबी साठते."

"दारूशिवाय?"

"थेंबभरही न घेता. जेवण सुधारलं, चालणं वाढवलं तर उतरेल बहुधा."

आईने आपल्या आखडलेल्या बोटांकडे पाहिले. मग म्हणाली, "माझे हात दुखतात, म्हणून खोटं बोललास?"

"हं."

"मला विचारायचंस तरी, मेल्या."

बाहेर बाकावरच्या एका अनोळखी बाईने सरकून तिला जागा दिली. काही विचारले मात्र नव्हते.

"हा माझा मुलगा," आई म्हणाली. "यकृताला सूज आहे. पण पीत नाही हो. कधीच प्याला नाही."

बाईने मान डोलावली. आई मग पलीकडच्या म्हाताऱ्याकडे वळली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याने तिला थांबवले नाही.