रेषेबाहेरची नेरेइदा

मी पितळेची शिट्टी. वाजणं सुटलं, म्हणून बोलतेय.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. मला जाग आली ती फिदेन्सिओच्या ओठांत. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातलं सांता रोसा हे त्याचं गाव. चर्चसमोर बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान. फिदेन्सिओ दिवसभर कॉफीच्या मळ्यात राबायचा आणि उन्हं कलली की मला गळ्यात अडकवून पंच व्हायचा.

त्याची पोरगी नेरेइदा लहानपणी माझी दोरी चघळायची. पुढे तिच्या हाती चेंडू आला. जेवता जेवता तो तिला नियम सांगायचा.

"त्यांनी बास्केट केली, की चेंडू आत टाकताना रेषेमागे हवं तिथवर पळ. पण चेंडू नुसता बाहेर गेला असेल, तर मी बोट दाखवीन तीच जागा. तिथून हलायचं नाही."

"आणि हलले तर?"

"चेंडू त्यांचा."

"तुमची पोरगी असले तरी?"

"तू आधी जेव," तो म्हणायचा.

त्या वर्षी जत्रेच्या अंतिम सामन्याला मोठा रंग चढला होता. शहरातल्या कॉलेजची बाई आली होती. जिंकणाऱ्या संघातल्या दोघींना ती शिकायला नेणार होती, राहण्या-जेवणासकट. नेरेइदाने तर झोळी आधीच धुऊन वाळत घातली होती. समोर सान मातेओचा संघ. झऱ्याच्या पाण्यावरून या दोन गावांचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. बाहेरून यायचा पंच दरड कोसळल्याने अडकला, तेव्हा सान मातेओचेच लोक म्हणाले, "फिदेन्सिओ चालेल. तो कुणाचा नाही."

तेवढं ऐकून त्याची छाती फुगली. माझ्यात शिरलेली हवासुद्धा त्या दिवशी वेगळी होती.

शेवटचे क्षण उरले. सान मातेओने बास्केट केली, तरी सांता रोसा एका गुणाने पुढे. नेरेइदा रेषेमागे गेली, चार पावलं आडवी पळाली आणि चेंडू आत टाकला. बरोबर होतं. पण समोरच्या पोरीने तो हाताने मारला आणि चेंडू पुन्हा त्याच रेषेबाहेर गेला. फिदेन्सिओने मला फुंकलं, जमिनीकडे बोट रोखलं आणि चेंडू तिच्या हाती दिला. जत्रेचा बँड घुमत होता. ती मोकळी मैत्रीण शोधत होती. आणि मघासारखीच ती आडवी पळाली.

त्याची फुंकर क्षणभर घशात थांबली. मग आली.

चेंडू सान मातेओला मिळाला. त्यांनी तो आत टाकला, बास्केट केली, सामना संपला. बक्षिसाचा बैल डोंगरापलीकडे गेला. कॉलेजची बाई दुसऱ्या दोघींची नावं विचारायला लागली.

"पोरीच्या तोंडचा घास काढून शेजाऱ्याच्या ताटात वाढला," आमच्या गावची म्हातारी कांदेलारियाबाई सगळ्यांदेखत म्हणाली. सान मातेओचे लोक तरी त्याचा हात हातात घेतील, असं मला वाटलं होतं. त्यांचा पुढारी बैलाची दोरी सोडवत बाजूच्या माणसाला म्हणाला, "जो पोटच्या पोरीचा झाला नाही, तो आपला काय होणार?"

घरी नेरेइदा चुलीपाशी बसली होती.

"पप्पा, एकदा म्हणायचं तरी. 'इथूनच.' एवढंच."

"बोट दाखवलं होतं."

"मी बोटाकडे बघत नव्हते."

"सान मातेओच्या पोरीला मी सांगितलं असतं का?"

"का नाही सांगायचं? तिलाही सांगायचं. सांगायला नियम आडवा येतो का?"

नियम आडवा येत नव्हता. पंचाला सांगता येतं, खेळणारीला विचारता येतं. तिने विचारलं नाही, कारण बाप समोर होता. त्याने सांगितलं नाही, तेही त्याच कारणाने.

कॉफीचा हंगाम संपायच्या आत नेरेइदा मावशीबरोबर उत्तरेला गेली, सीमेपलीकडे स्ट्रॉबेरी तोडायला. धुतलेली झोळी त्या कामी आली. नंतर कुठल्याच गावाने फिदेन्सिओला सामन्याला बोलावलं नाही.

मी चुलीवरच्या खिळ्याला लटकले आहे. पोटातला बुचाचा मणी धुराने चिकटला आहे. आता कुणी फुंकलं तरी नुसती हवा जाईल. माझी एवढीच विनवणी आहे: तुमच्या मैदानावर कुणी पोर चेंडू घेऊन रेषेवर उभी असेल, तर नुसतं बोट दाखवू नका. तिला ऐकू जाईल असं बोला.

रविवारी नेरेइदाचा फोन येतो. आई लिओनिलाशी ती पाठदुखीचं बोलते, भाड्याचं बोलते. मग लिओनिला फोन पुढे करते. "घ्या. तुमचीच पोरगी आहे."

फिदेन्सिओ उठतो. "कॉफी वाळली का बघून येतो," म्हणतो आणि अंगणात जातो.

पावसाळ्यातही तो हेच म्हणतो. तेव्हा अंगणात कॉफी नसते.