मागल्या सीटवरचं वजन

बुश काही केल्या निघत नव्हता. दिनानाथ उताणा पडून, मान तिरकी करून छिन्नीवर हातोडी घालत होता आणि दर घावागणिक लँडमास्टर मोटारीच्या पोटाला चिकटलेली वाळकी माती त्याच्या तोंडावर पडत होती. वाडीतल्या चिकूंना पाणी नेणारा चर त्याने मुद्दाम कोरडा ठेवला होता आणि गाडी त्या चरावरच उभी केली होती, म्हणजे खाली माणूस मावतो. मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर उचललेला, चाकं अधांतरी. गाडीपायी झाडं तहानलेली ठेवणारा माणूस अख्ख्या तारापुरात एकच, असं त्याची बायको जयवंती सकाळीच म्हणाली होती. नवऱ्याला एखादा टोमणा मारल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

आता मात्र ती कप घेऊन आली ती गाडीबाहेर आलेल्या त्याच्या पायांशी गुपचूप बसली. काम कुठवर आलं हे तिने विचारलं नाही, कुंभवलीला कधी निघणार एवढंच विचारलं. ऊन कललं की, असं तो खालूनच म्हणाला. त्याची कंबर मोडून आली होती, कोपरं सोलवटली होती, आणि चहासाठी बाहेर येण्याचाही त्याला कंटाळा आला होता. चहा निवून गेला.

तसं पाहिलं तर बुश म्हणजे काय, मुठीत मावेल एवढं रबराचं नळकांडं. मागल्या कमानपाट्यांची, म्हणजे लोखंडी स्प्रिंगांची, टोकं गाडीला जिथे अडकवलेली असतात तिथे ते बसतं आणि खड्ड्याचा दणका आपल्या अंगावर घेतं. रबर गेलं की लोखंडावर लोखंड आपटतं आणि दणका थेट मागच्या सीटवरच्याला पोचतो. बोईसर स्टेशन ते तारापूर हा रस्ता अणुवीज केंद्राच्या कामावरच्या खडीच्या ट्रकांनी पार उखडून टाकला होता. दिनानाथच्या गाडीतून भाडं देऊन जाणारे साहेबलोक कुरकुरत, पण कुरकुरून जातात कुठे? दुसरी गाडी होती कुणाकडे? त्यांच्यासाठी त्याने एवढा उपद्व्याप केला नसता.

केला होता तो लेकीसाठी, पुष्पलतेसाठी. मागे गौरी-गणपतीला त्याने तिला याच गाडीतून माहेरी आणलं, तेव्हा तिला चौथा महिना होता. वाटेत गाडी एका खड्ड्यात अशी काही आदळली की पोरीने पोट धरलं आणि घर येईपर्यंत हात सोडला नाही. गौरी जायच्या आत तिचं पोट पडलं. सुईण रखमाने परोपरीने समजावलं, की हे आधीच व्हायचं होतं, कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ पडली, गाडीला दोष देऊ नका. दिनानाथने मान हलवली खरी, पण त्या दिवसापासून मागच्या सीटकडे बघायचं तो टाळू लागला. कुंभवलीच्या विहीणबाई राहीबाई तर तोंडावरच बोलल्या, त्या खटाऱ्यात माझी सून पुन्हा बसायची नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. त्यांचं तरी काय चुकलं?

आता पुष्पलतेला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला न्यायला माहेरच्या माणसानेच जायचं, ही रीत. दिनानाथने निरोप धाडला होता, गाडीला नवे बुश घालतो आणि घेऊन जातो. तिकडून हो आलं नाही, नाहीसुद्धा आलं नाही. गप्प बसले म्हणजे कबूल आहे असं त्याने मनाशी धरलं. जयवंतीला ते पटलं नव्हतं.

उजवीकडचे जुने बुश त्याने चिंध्या पेटवून जाळूनच काढले होते. डावीकडचा हा एवढाच अख्खा निघाला, आणि निघाला तसा दिनानाथ तो हातात धरून चरातच पडून राहिला. रबर झिजलेलं नव्हतं. पीळ घातलेल्या धुण्यासारखं पिळवटून एका अंगाने फाटलं होतं. पालघरचा मेकॅनिक बन्सी नवे बुश देताना जे म्हणाला होता ते त्याला आता उमगलं. गाडी उचललेली असताना नट कधी पक्के करायचे नाहीत. नुसते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, माणसं बसल्यासारखं वजन आत आलं की मग आवळायचे. नाही तर खाली उतरताच रबराला पीळ पडतो, आणि मग ते किती दिवस टिकणार! हे जुने बुश दिनानाथने स्वतःच घातले होते, गौरी-गणपतीच्या अगोदर. गाडी अशीच अधांतरी होती, आणि त्याने अंगातला सगळा जोर लावून नट आवळले होते. लेक यायची म्हणून.

इतके दिवस तो रस्त्याला शिव्या घालत होता. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. त्याने फाटका बुश सदऱ्याच्या खिशात घातला, नवे बुश साबणाच्या पाण्यात बुडवून जागेवर बसवले, नट हाताने फिरतील तेवढेच फिरवले आणि ठोकळे काढून गाडी चाकांवर उतरवली. आता मागच्या सीटवर भाताची पोती टाकायची आणि आवळायचं, की झालं.

पोत्यांसाठी तो खोपीकडे वळला आणि घुंगरांचा आवाज आला.

बैलगाडी वाडीत शिरली. पुढे जावई पंढरी, मागे पेंढ्यावर गोधड्या, आणि गोधड्यांत टेकून बसलेली पुष्पलता. दिनानाथ हातांना लागलेल्या काळ्या तेलासकट उभाच राहिला. जयवंती भाकरतुकडा घेऊन धावली, लेकीवरून उतरवून टाकला, पायावर पाणी घातलं.

"तुमाला कशाला तरास, म्हनून आयेनं मलाच धाडला," पंढरी म्हणाला. नजर बैलांवरच होती.

"बरं केलं," दिनानाथ म्हणाला.

लेकीला न्यायला बाप गेला नाही, तीच दारी पोचती झाली. सगळ्या गावाला आता समजणार की विहिणीने तिला बापाच्या गाडीत बसवलं नाही. तोंडात मारल्यासारखं झालं त्याला, आणि वाईट हे की मारणाऱ्याचा राग येत नव्हता. तो गाडीपाशी परत आला. आवळायची आता घाई कसली होती! तरी तो पाना पुसत बसला.

थोड्या वेळाने पुष्पलता कमरेवर हात ठेवून हळूहळू त्याच्याकडे आली. काय राहिलंय, असं तिने विचारलं. आत वजन टाकून नट आवळायचेत, पोती आणतो, असं त्याने सांगितलं. मग त्याला राहवेना. त्याने खिशातला बुश काढून तिच्या हातावर ठेवला.

"मागल्या टायमाला ह्यो मीच घातलेला. गाडी वर टांगलेली, नि तशीच आवळली. मला ठाव नवतं, पोरी. त्यानं फाटला."

पुष्पलतेने बुश उलटापालटा करून पाहिला. फाटीत बोट घातलं. ओटीवरून जयवंती पेज घ्यायला हाका मारत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. दिनानाथ तिच्या तोंडाकडे बघू शकला नाही. पाना आधीच पुसून लख्ख झाला होता, तोच पुन्हा पुसत राहिला.

"वजन किती लागतं?" तिने विचारलं.

"मागं दोन मानसांचं."

"मग आमी दोगं हाव ना."

तिने एक हात पोटावर ठेवला, बुश त्याच्या हातात परत दिला आणि मागचं दार उघडलं. दिनानाथने घाबरून जावयाकडे पाहिलं. पंढरीने ऐकलं होतं. तो केव्हाच सोडलेल्या बैलांचं दावं पुन्हा सोडत राहिला.

दिनानाथ चरात उतरला, आडवा झाला. तिथून त्याला तिची पावलंच दिसत होती, सुजलेली, जोडव्यांत रुतलेली. एक पाऊल उचललं गेलं, मग दुसरं. दार हलकेच लागलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर कमानपाटा बोटभर खाली आला आणि थांबला.

"बसले नीट," वरून तिचा आवाज आला. "आवळा, बाबा."

पाना नटावर बसेना. त्याने डोळ्यांतली माती बाहीने पुसली. माती होतीच, पण नुसती मातीच नव्हती.

"दोगंबी हलू नका जरा," तो म्हणाला, आणि त्याने पान्याला पहिला फेरा दिला.