सोर्लाक हवेलीतलं शेवटचं बिऱ्हाड

सोलांजने खिडकीची लाकडी झडपं हळूच ढकलली, गादीवरची चादर जराशी विस्कटली आणि कालचा शिळा पाव काढून ताजा टेबलावर ठेवला. आज कॉफीही आणली होती. तिने अर्धा कप मोरीत ओतला आणि अर्धा तसाच राहू दिला. वृद्ध, अविवाहित मादमोआझेल द सोर्लाक नुकत्याच उठून बाहेर गेल्या आहेत असं वाटलं पाहिजे. खरं तर मादमोआझेल शरद ऋतूपासून इस्पितळात होत्या, आणि हे त्यांना वर्षानुवर्षं दूध वर आणून देणाऱ्या सोलांजखेरीज खालच्या सरकारी कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

पॅरिसमधली ही हवेली बांधली ती एका मार्क्वीने, म्हणजे बड्या उमरावाने, समुद्रापारच्या बेटांवरच्या साखरेच्या आणि गुलामांच्या पैशावर. क्रांतीत त्याचं डोकं गेलं, हवेली राहिली. नातवाने ती परत मिळवली, पणतवांनी जुगारात निम्मी घालवली आणि युद्धानंतर मादमोआझेलच्या वडिलांनी कर भरता येईना म्हणून उरलेली सरकारला विकली. सरकारने नाचाच्या दिवाणखान्यात फळ्या ठोकून खोल्या पाडल्या. छतावर रंगवलेल्या देवीचं डोकं पेन्शन विभागात गेलं आणि पाय हिशेब विभागात आले. सोलांज बुव्हिये त्या पायांखाली तिशीपासून बसत होती. नवरा गेला, मुलगी कॅनडाला गेली, पाय होते तिथेच होते.

विक्रीच्या करारात मादमोआझेलच्या वडिलांनी एक अट घातली होती. मुलगी जिवंत आहे आणि तिथे राहते आहे तोवर वरच्या दोन खोल्या तिच्या. मात्र त्या सलग सहा महिने रिकाम्या राहिल्या तर त्याही सरकारच्या. आता सरकारला हवेली एका हॉटेलवाल्याला विकायची होती आणि कचेरी शहराबाहेरच्या काचेच्या इमारतीत हलवायची होती. अडलं होतं ते या दोन खोल्यांपाशी. म्हणून सोलांज रोज सकाळी झडपं उघडायची आणि संध्याकाळी लावायची. म्हातारीला तिच्या घरी येऊन मरता यावं, एवढीच आपली इच्छा आहे असं ती स्वतःला बजावत असे.

दर रविवारी ती इस्पितळात जाऊन सांगे, "तुमच्या खोल्या अगदी होत्या तशा ठेवल्यात." मादमोआझेल डोळे मिटून घेत. घराच्या आठवणीने जीव कासावीस होत असेल, असं सोलांजला वाटे.

त्या दिवशी पाहणीला संचालक मस्ये द लेर्नी आले, सोबत न्यायालयाचा कारकून. सोलांजला आदल्या दिवशी सुगावा लागला होता, म्हणून तिने चांदीची भांडी काढून एका माणसाचं जेवणाचं टेबल नीट मांडलं होतं. बाई कुठे आहेत, असं कारकुनाने विचारलं. चर्चमध्ये गेल्यात, असं सोलांज निर्विकार चेहऱ्याने म्हणाली. कारकुनाने पाव चाचपला, कॉफीचा कप पाहिला, काहीतरी खरडलं आणि जिना उतरून गेला.

संचालक मात्र टेबलापाशीच उभे राहिले. त्यांनी ताटलीजवळचा काटा उचलला आणि पालथा करून ठेवला. त्याच्या पाठीवर सोर्लाकांची झिजलेली मुद्रा होती.

"हे टेबल त्यांनी मांडलेलं नाही. अशा घरांत काटा पालथा मांडतात, मॅडम. मुद्रा दिसायला हवी ना. माझ्या आजीने एवढ्यासाठी मोलकरणी कामावरून काढून टाकल्यात."

सोलांजने काटा स्वतःच्या घरी ठेवतात तसा उताणा ठेवला होता. आता नोकरी जाणार, म्हातारीचं घरही जाणार, आणि तेही आपल्या हाताने.

"या वयात दुसरीकडे कुठे जाणार? कुठल्या इस्पितळात आहेत त्या?" संचालकांनी विचारलं.

तिने सांगून टाकलं.

"शुक्रवारी मला अहवाल द्यायचाय. त्यांना परत यायचं असेल तर मी काहीच पाहिलं नाही. पण त्यांना यायचंय का, हे तुम्ही कधी विचारलंत?"

सोलांज तशीच तडक इस्पितळात गेली. मादमोआझेल शेजारच्या खाटेवरच्या बाईशी पत्ते खेळत होत्या. ती बाई जन्मभर बाजारात मासे विकत आलेली, आवाज खणखणीत. "ही तुमची मार्क्वीबाई लबाडी करते बरं," तिने सोलांजला आल्या आल्या सांगितलं.

सोलांजने धापा टाकत सगळं सांगितलं. फक्त हो म्हणा, गाडी मी बघते, जिन्यावरून उचलून नेणारी माणसं मी बघते, असंही म्हणाली.

मादमोआझेलनी पत्ते खाली ठेवले. "मला परत जायचं नाही."

"अहो, तुमचं घर आहे ते."

"घर बाबांनी विकलं. मला मात्र तारणासारखं आत ठेवून गेले. सोर्लाकांपैकी कुणीतरी आत असलंच पाहिजे, असं वचन घेतलं होतं माझ्याकडून. जिन्यावरून दिवसभर माणसं जायची, सोलांज, आणि संध्याकाळी दिवे मालवून सगळी घरी जायची. मला त्या खोल्यांची भीती वाटायची. तुम्ही दर रविवारी येऊन त्या तशाच आहेत म्हणायचात, तेव्हा मी डोळे मिटून घ्यायची."

"मग मी कुठे जाऊ?" सोलांजच्या तोंडून निघून गेलं. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं, आणि इतके महिने झडपं कुणासाठी उघडत होतो तेही कळलं.

मादमोआझेल म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं मला दूध आणून द्यायचात, आणि मी तुम्हाला एकदाही बसा म्हटलं नाही."

खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर कोळणीचे धुतलेले पायमोजे वाळत घातले होते. मादमोआझेल द सोर्लाक यांनी खाटेवरून वाकून ते एकेक उचलले, जोड्या लावून मांडीवर घेतले आणि खुर्ची रिकामी केली.

सोलांज कोट न काढताच बसली, आणि तिला रडू आवरेना.