दोबिन कोणाची

माझी बायको मित्सुए मंगा काढायची. चार चौकटींची चित्रकथा, आठवड्याला एक. विषय एकच, घरात मांजर असल्यावर काय काय भोगावं लागतं. मांजर आमचीच होती. काळी, गोल, बसली की मातीच्या किटलीसारखी दिसायची म्हणून नाव दोबिन. आणि त्यातला तोंड फुगवलेला नवरा म्हणजे मी. दोबिन माझ्यावर फिस्कारते, मी दुकानात विकायला शिवलेल्या नव्याकोऱ्या तातामी चटईवर नखं परजते, मी शेजारी बसलो की उठून जाते. ह्यावर देशभर लोक हसले. पुढे त्यावर अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका निघाली, तेव्हा माझ्या आवाजासाठी असा नट शोधला की जणू त्याचं पोट जन्मात साफ झालं नसावं. दुकानात गिऱ्हाईक आलं की कामाचं बोलायच्या आधी विचारायचं, "काय कुवाबारा-सान, आज बोचकारलं की नाही?"

"आज सुट्टी आहे तिला," मी म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

सुरुवातीला ते सगळं खरंच होतं, नाही म्हणत नाही. पण मित्सुए इस्पितळात गेली आणि तिथेच राहिली, दीड वर्ष. पहिले पंधरा दिवस दोबिन दाराशी बसून होती. मग एका दुपारी मी तातामीची किनार शिवत बसलो होतो, तर ही आली आणि सरळ मांडीवर चढली. तातामी विणतात लव्हाळ्याची, माझ्या अंगालाही तोच वास येतो, तो आवडला असेल. त्यानंतर तिनं मला सोडलंच नाही. मी जेवायला बसलो की गुडघ्याला टेकून बसायची. सकाळी छातीवर. दाराकडे तिनं पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. बायको तिकडे पडलेली असताना इतकं बरं वाटावं ह्याची लाजही वाटली.

मित्सुएला भेटायला गेलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "अहो, दोबिन शोधते का मला?"

"शोधते म्हणजे? दारातून हलत नाही. मी उचलायला गेलो तर माझ्यावरच गुरगुरली."

ती इतकी हसली की नाकातली नळी निसटली. नर्स मला रागावली. पण मित्सुएनं तेवढ्यात पेन्सिल मागून घेतली होती.

तिथून मला सवय लागली. बसमध्ये बसल्या बसल्या मी दोबिनच्या नव्या खोड्या जुळवायचो. आज तुझ्या चपलेवर झोपली. आज मी वाढलेला मासा तिनं हुंगलासुद्धा नाही. मी आयुष्यात कधी गोष्ट रचली नव्हती, पण गरज पडली की जमतं. मित्सुए ऐकायची, हसायची, काढायची. तिच्या चित्रकथेचे शेवटचे दोन खंड असेच झाले. एकदा तिनं व्हिडिओ कॉलवरून हाक मारली, "दोबिऽन!" मांजर माझ्या मांडीवर अंग चाटत होती, कानही हलवला नाही. मी पटकन फोन छताकडे वळवला आणि म्हणालो, "अगं, धावत सुटली बघ दाराकडे!" पलीकडे मित्सुए रडत होती. आनंदानं.

ती गेल्यावर तिच्या उशीखाली एक पाकीट सापडलं. वर तिच्या धाकट्या बहिणीचं, हात्सुएचं नाव. हात्सुएनं ते माझ्यासमोरच उघडलं. आत चार चौकटी. पहिलीत दोबिन दाराशी. दुसरीत मी वाटी घेऊन उभा, तिनं पाठ फिरवलेली. तिसरीत आम्ही दोघं रडतोय, दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत. चौथीत दोबिन हात्सुएच्या मांडीवर झोपलेली. खाली लिहिलं होतं, "दोघांचीही सुटका."

आमच्या रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी अस्थी कबरीत ठेवल्या. दुपारी बाकीचे नातेवाईक आपापल्या वाटेनं गेले. हात्सुए थांबली. तिनं दोबिनला न्यायला गाडीतून जाळीची पेटी आणली आणि मित्सुएच्या फोटोपुढे ठेवली.

"भाऊजी, तुम्ही लांबच थांबा हं. मी हातमोजे आणलेत. ही तुमची मुळीच खैर ठेवत नाही म्हणे."

मी चहा ओतत होतो. तेवढ्यात दोबिन कपाटामागून निघाली, हात्सुएला वळसा घालून माझ्याकडे आली, आणि माझ्या पायाला अंग घासत घुरघुरायला लागली. मोठ्यानं. हात्सुएचा एक हातमोजा घालायचा राहिला.

"अगंबाई! भाऊजी, ही तर..." ती माझ्याकडे पाहत राहिली. "खरं सांगा. हिला तुमचा लळा लागलाय का? तसं असेल तर मी नाही नेणार. ताई काय, तिला तिथून काय दिसत होतं!"

एक शब्द पुरला असता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. की तुझी ताई ज्या मांजरीची आठवण काढत गेली, ती तिला केव्हाच विसरली होती. की ते दोन खंड मी बसमध्ये रचले. हात्सुए गेले सात आठवडे तेच दोन खंड उशाशी घेऊन झोपत होती. तिनंच मला सांगितलं होतं, आणि सांगताना तिचा हात त्या पानांवरून फिरत होता.

"कसला लळा," मी म्हणालो. "जेवायची वेळ झाली की अशीच गोड होते लबाड. पोट भरलं की ओळख विसरते."

हात्सुए हसली. डोळे पुसत म्हणाली, "अगदी ताई काढायची तश्शी."

मग मी दोबिनला उचललं. तिनं नेहमीसारखं डोकं माझ्या हनुवटीखाली खुपसलं. तशीच पेटीत ठेवली, तर विश्वासानं बसलीसुद्धा. कडी लागली तेव्हा कुठे तिला कळलं. मग जाळीतून पंजा बाहेर काढून ती जी ओरडायला लागली, ती गाडीचं दार बंद होईपर्यंत माझ्याकडेच बघत ओरडत होती. मी तिच्या खाण्याची पिशवी पुढच्या सीटवर ठेवली आणि हात्सुएला म्हणालो, सावकाश चालव.

आत येऊन फोटोपुढे बसलो. उदबत्ती लावली. मित्सुए हसत होती.

"गेली गं," मी तिला सांगितलं. "शेवटपर्यंत तुलाच शोधत होती."