नाही म्हणायचा हक्क

कॅलमच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. चटईवर मांडी घालायचा दोनतीनदा प्रयत्न करून झाल्यावर त्यानं पाय एका बाजूला दुमडले आणि ते भोक दुसऱ्या पायाखाली दडवलं. माकेरीतानं ते पाहिलं, पाहिलंच नाही असं दाखवलं आणि त्याच्यापुढं ताट ठेवलं.

"अहो, मी खरंच जेवून आलोय."

"असू दे. थोडंसंच वाढलंय."

थोडंसं म्हणजे उकडलेल्या अळूकंदाचे जाड काप, कोंबडीची अख्खी तंगडी आणि नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. कॅलम गावातल्या एकुलत्या मोठ्या दुकानाचा मॅनेजर. क्राइस्टचर्चकडचा, तिशीही न गाठलेला, वाईट अजिबात नाही. येताना त्यानं केक आणला होता. त्यावरची अर्ध्या किमतीची पिवळी चिठ्ठी काढायची तेवढी राहून गेली होती. तशा चिठ्ठ्या चिकटवण्यात माकेरीताची अर्धी नोकरी गेलेली. तिनं केक चिठ्ठी भिंतीकडे करून ठेवला.

तिचा नवरा फेलेती स्वयंपाकघराच्या दारात कोमट पाण्याचा पेला घेऊन उभा होता. हल्ली तो कमीच बोलायचा.

कॅलमनं पहिलं ताट संपवलं. दुसरं नको नको म्हणत संपवलं. मग तोंड पुसून, चटईच्या विणीकडे बघत म्हणाला, "माकेरीता, ईस्टरच्या रविवारचं... तुम्ही 'नाही' कळवलंय, मला माहीत आहे. तो तुमचा हक्कच आहे. कारणसुद्धा मी विचारू शकत नाही. पण जवळजवळ सगळ्यांनीच नाही म्हटलंय हो. गल्ल्यावर जाणतं कुणीच नाही. दुकान उघडलं नाही तर वरचे लोक माझ्या नावानं ओरडणार."

फेलेतीनं पेला खाली ठेवला.

"नाही म्हणालात तरी चालेल," कॅलम म्हणाला. "खरंच."

"येईन मी," माकेरीता म्हणाली. "अजून एक काप घ्या."

त्याचं असं होतं. आमच्या गावात ईस्टरच्या रविवारी दुकानं बंद असायची. नगरपालिकेनं सभा घेतली. तळ्यावर येणारे पाहुणे शेजारच्या गावात खरेदी करतात, पोरांना जादा कामाचे तास हवेत, असं काही जण म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. वर्षातले चार दिवस तरी माणसांना माणसांसाठी सोडा, असं बाकीचे म्हणाले. हात वर झाले, उघडायची परवानगी मिळाली. फक्त कायद्यानं एक खुंटी मारून ठेवलेली: त्या दिवशी कामाला येणार का, असं मालकानं आधी लेखी विचारायचं, आणि कामगारानं नाही म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही.

फेलेती तेव्हा मोठ्यानं हसला होता. "येशू शुक्रवारी गेला, तिसऱ्या दिवशी उठला. शुक्रवारी बंद झालेल्या दुकानाला तेवढाही दम नाही, दुसऱ्याच दिवशी उठतं!"

तेव्हा त्याला हसता येत होतं.

माकेरीतानं पत्राला 'नाही' कळवलंही होतं. कागदाला नाही म्हणता येतं. कागद आपल्या चटईवर जेवायला बसत नाही.

कॅलमची गाडी वळणाआड गेल्यावर फेलेती तिच्यासमोर येऊन बसला. त्याचा आवाज ओल्या लाकडावर करवत चालवावी तसा झाला होता.

"तुझं 'नाही' तिकडे सामोआ बेटावरच राहिलं गं. विमानात वजन जास्त झालं म्हणून तुझ्या आईनं काढून ठेवलं असणार."

"बोलू नकोस. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

ईस्टरनंतरच्या बुधवारी हॅमिल्टनच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या गळ्यातली स्वरपेटी काढायची होती. गाठ तिथेच होती. काढली तर माणूस राहणार, आवाज जाणार. गायचंच असेल तर एकदा गा, डॉक्टर म्हणाले होते, त्याआधी गळा जपा. म्हणून ते एकदाचं गाणं ईस्टरच्या रविवारसाठी राखून फेलेती चर्चच्या तालमींना जाऊन नुसते ओठ हलवत होता. कागदगिरणीत बत्तीस वर्षं घालवलेला माणूस, चर्चच्या गाण्यातला सगळ्यात खालचा खर्ज त्याचा. चर्चचे पाळक आणि त्यांची बायको सोडून कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळं गाव रिवाजाप्रमाणे भेटीच्या चटया घेऊन रडायला आलं असतं, आणि त्याला रडणाऱ्यांमध्ये गायचं नव्हतं.

"त्याला खरं सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"आपल्या ताटावर होता तो. कसं सांगू?"

फेलेतीही सामोआचाच. "ते खरंच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या खोलीत ग्लेनिस तिच्यावर उखडली. ग्लेनिस शेजारच्या गल्ल्यावरची, गोरी, तोंडानं फटकळ. नाही म्हणणाऱ्यांत पहिलं नाव तिचं.

"तुला कळतंय का काय केलंस? या हक्कासाठी आम्ही सभेत घसे फोडले! फोन कर त्याला. पोट बिघडलंय म्हण."

"माझ्या घरी जेवलाय तो."

"मग बरंच झालं! तुझं खाल्लंय, म्हणजे तोंड वर करून बोलायचा नाही."

"आमच्यात उलटं असतं, ग्लेनिस. आपल्या चटईवर बसून जो खातो, त्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत."

"म्हणजे उद्या चोर जेवायला बसला तर तिजोरी देशील?"

"आधी दुसऱ्यांदा वाढीन," माकेरीता म्हणाली.

ग्लेनिस हसली नाही. "काय आहे रविवारी? काहीतरी आहे. तोंड बघ तुझं."

"काही नाही. चर्च आहे."

रविवारी सकाळी फेलेतीनं पांढरा कोट चढवला. माकेरीतानं त्याच्या टायची गाठ सैल बांधली, गळ्याला लागू नये म्हणून. मग तिनं दुकानाचा हिरवा अंगरखा घातला. दोघं फाटकातून बरोबर निघाले आणि कोपऱ्यावर वेगळे झाले.

चर्चमध्ये तिची जागा ठरलेली: बायकांच्या शेवटच्या रांगेत, बरोबर फेलेतीच्या पुढे. तो गायला लागला की आवाज बाकाच्या लाकडातून तिच्या पाठीत उतरायचा. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, पण त्याचा गाण्यातला आवाज तिनं कानानं असा कधी ऐकला नव्हता. पाठीनंच ऐकला होता.

दुकानात सकाळभर शुकशुकाट. तळ्यावरचं एक जोडपं बर्फ घेऊन गेलं. एका बाईनं चॉकलेटची अंडी अजून स्वस्त झाली का म्हणून विचारलं. कॅलम शेल्फातले डबे पुनःपुन्हा सरळ करत होता. माकेरीता दारावरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून बसली होती, आणि बघत होती. आता प्रार्थना. आता प्रवचन, प्रवचन दुकानांवरच असणार. आता उभे राहत असतील.

तिनं पाठ खुर्चीला टेकवली. प्लास्टिकची खुर्ची.

बऱ्याच वेळानं दार सरकलं आणि पाळकीणबाई आत आल्या. पांढरा झगा, पांढरी टोपी. आत येताच त्यांनी टोपी काढून काखेत धरली, जणू टोपी नसली की ओळखू येणार नव्हत्या. नारळाच्या दुधाचे सहा डबे गल्ल्यावर ठेवले आणि मग मान वर केली.

"अगं... माकेरीता? तू इथे?"

"पिशवी हवी का?"

"ऑकलंडहून अचानक पाहुणे आले गं, दूध पुरेना, म्हणून... पण तू आज इथे कशी? आज तर..." त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांचे डोळे भरून आले. "बाई, काय गायला तो! बाकं हलली. मागची म्हातारी तर—"

"चोवीस डॉलर," माकेरीता म्हणाली. पाळकीणबाईंनी पैसे दिले तेव्हा तिनं त्यांचा हात धरला, क्षणभर, आणि सोडला. "पाहुण्यांना माझा नमस्कार सांगा."

त्या गेल्यावर कॅलम आला. "आज काही गिऱ्हाईक येणार नाही असं दिसतंय. तुम्ही निघा हवं तर. पूर्ण दिवसाचे पैसे लावतो. चर्चलासुद्धा जाता येईल तुम्हाला."

"आभारी आहे," माकेरीता म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी, हॅमिल्टनला निघायच्या आधी, फेलेतीनं तिच्यासाठी गायचा प्रयत्न केला. गळ्यातून नुसती हवा आली. "तसंही," तो कुजबुजला, "एकटा खर्ज म्हणजे नुसतं मीठ चाटायचं."

आता हिवाळा आहे. फेलेतीच्या गळ्याच्या भोकावर पांढरं फडकं असतं. टेबलावर बोटानं एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. नाही म्हणणं त्याला आता तिच्यापेक्षा सोपं जातं.

मध्यंतरी कॅलमला कुणीतरी सांगितलं. तो फुलं घेऊन दारात आला, आत काही येईना. माकेरीतानंच हात धरून आत आणलं आणि वाढलं. या वेळी त्याला खाता आलं नाही.

काल फेलेतीची भाची आली. ईस्टरचं गाणं तिनं मागच्या बाकावरून फोनमध्ये टिपून ठेवलं होतं, हे तिला आत्ता आठवलं. तिनं फोन टेबलावर ठेवून गाणं लावलं आणि ती चहा करायला गेली. फोनमध्ये कुणाचं तरी बाळ रडत होतं. मग पन्नास-साठ माणसं एकदम. माकेरीता वाकली, कान फोनला लावला. बायकांचे आवाज ओळखू आले, सुताराचा चिरका आवाजही. फेलेतीनं बोट उचललं: आता. मान हलवली: हा, हा इथे.

तिनं डोळे मिटले. पुष्कळ शोधलं.

"हो," ती म्हणाली. "आला ऐकू."

फेलेती तिच्याकडे बघत राहिला. मग टेबलावर नाही, तिच्या हातावर, अगदी हलकेच, दोनदा टकटक केलं.

गाणं संपलं. त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं, टेबलाला धरून उठला आणि हळूहळू तिच्या मागे जाऊन उभा राहिला. दोन्ही हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

बाळ पुन्हा रडायला लागलं. माकेरीतानं पाठ खुर्चीला टेकवली आणि वाट पाहिली.