पटावर नसलेला घोडा

प्राध्यापकांचा हात घोडा उचलायला पुढे गेला आणि रिकाम्या घरावर बोटं मिटली. हाती काहीच आलं नाही.

समोरच्या मुलीनं आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. स्पर्धेचा डाव चालू असताना ती बोलू शकत नव्हती. पण तिच्या भुवया बोलल्याच. हत्तीचा बळी देऊन तिच्या राजाला कोंडायचं आणि घोड्यानं मात करायची, असा प्राध्यापकांचा हिशेब होता. हिशेबात खोट नव्हती. फक्त तो घोडा बऱ्याच चालींपूर्वी मारला गेला होता आणि पटाशेजारी आडवा पडला होता.

त्यांनी घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. "डाव तुमचा."

"सर, लांबवर मोजताना होतं असं," मुलगी घाईघाईनं म्हणाली. "गेलेलं मोहरं डोक्यात तसंच राहतं. मी तर एकदा गेलेल्या वजिरानं शह द्यायला निघाले होते!"

"तुमच्या वयात त्याला घाई म्हणतात," ते म्हणाले. "माझ्या वयात त्याला वेगळी नावं आहेत."

बुद्धिबळातला मास्टर हा किताब त्यांना ऐन विशीत मिळाला आणि त्याच सुमारास अभियांत्रिकी महाविद्यालयातली नोकरीही. दोन्हीकडे त्यांनी एकच शिस्त पाळली: समोर आहे तेवढंच धरायचं, असावंसं वाटतं ते नाही. कोणतंही उत्तर ऐकलं की ते "पुरावा?" असं विचारत, म्हणून विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'पुरावासर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. व्यवहारात चोख माणूस. आणि एके दिवशी जेवताना त्यांनी वारलेल्या काकांकडे मीठ मागितलं. उत्तराची वाटही पाहिली.

बाहेर बायको थर्मास घेऊन बसली होती. "इतक्या लवकर? जिंकलात की काय?"

"हरलो."

"मग हरलात! जगबुडी झाल्यासारखं तोंड कशाला करायचं?"

"कॉलेजच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन आजच ना?"

"आजच. भाषणं संपल्यावर जाऊ, असं तुम्हीच म्हणालात."

त्या सभागृहाच्या बाल्कनीच्या भाराचं गणित त्यांचं होतं. मूळ आराखड्यात बाल्कनीखाली मधोमध एक खांब होता. त्यानं मंच झाकला जातो म्हणून वास्तुविशारदानं तो काढायला लावला, आणि प्राध्यापकांनी सगळं गणित नव्यानं केलं. सगळं? तो खांब पानावरून गेला होता. डोक्यातून गेला होता का?

"अहो, एका घोड्यापायी इमारत पाडाल तुम्ही," घोड्याचं आणि खांबाचं ऐकून बायको गाडी चालवता चालवता म्हणाली. मग तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वेग वाढवला.

सभागृह भरत आलं होतं. बाल्कनीत काही मुलं आधीच जाऊन बसली होती आणि तालात पाय आपटत होती. जिन्याशी विभागप्रमुख उभी होती. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

"वरच्यांना खाली उतरव. आत्ता. बाल्कनीखालच्या खुर्च्याही रिकाम्या कर."

"सर, प्राचार्य मला फाडून खातील! कारण काय सांगू?"

"मी चुकलो असेन."

ती हसली. "तुम्ही? पुरावा?"

"पुरावा नाही," ते म्हणाले. "भीती आहे."

हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली.

"अरे, किती मारामारीनं जागा धरली होती!" "पुरावासरांना वर बसायचं असेल!" मुलं कुरकुरत उतरली. शेवटचा पाय जमिनीला लागेपर्यंत प्राध्यापक जिन्याशीच उभे राहिले.

विभागाच्या खोलीत तिनं बाल्कनीच्या गणिताचे कागद त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी हात मागे घेतले.

"तूच बघ. ज्या मापकावर संशय, त्यानंच मोजून कसं चालेल?"

ती पानं उलटत राहिली. तिनं मान वर करून हसावं, 'काय हे सर' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. ती एका पानाशी थांबली. मागे गेली. पुन्हा तिथेच आली.

"मधल्या बीमला खाली आधार धरलाय, सर. तोच खांब. बाकी सगळीकडून काढलाय. इथे राहिलाय."

"म्हणजे दोन आधारांमधला गाळा दुप्पट," ते वर्गातल्या आवाजात म्हणाले. "वाकवणारा जोर चौपट."

"रिकामी बाल्कनी आपल्या वजनाला टिकली. पूर्ण भरलेली..."

प्राचार्य धापा टाकत आले. "तांत्रिक कारण एवढंच जाहीर करू. तुमचं नाव कशाला मध्ये?"

"नाव घ्या. नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल, काही नव्हतंच, उघडा वरचं." मग ते आपल्या जुन्या विद्यार्थिनीकडे वळले. "आणि दुसऱ्यानं तपासल्याशिवाय माझं एकही गणित यापुढे इथून बाहेर जाऊ देऊ नकोस."

"सर, एकदाच तर—"

"दोनदा. दुसऱ्यांदा आज दुपारी, पटावर."

समारंभ सुरू झाला. बाल्कनीच्या जिन्याला दोर बांधला होता; तरी प्राध्यापक त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. बायकोनं शेजारी दुसरी ओढली आणि थर्मासमधला चहा दिला. तो त्यांच्या हातात निवत गेला.

"घरी जायचं?"

"सगळे बाहेर पडू देत."

टाळ्या झाल्या. ते बाल्कनीखालच्या मोकळ्या जागेकडे पाहत होते.

"काय दिसतंय एवढं?" तिनं विचारलं.

त्यांना खांब दिसत होता. मधोमध, सरळ, करडा, वरचं सगळं ओझं निमूट पेलत उभा असलेला. त्यांनी डोळे मिटून उघडले. तो हलला नाही.

"काही नाही," ते म्हणाले.

नजर तिथेच ठेवून त्यांनी हात बाजूला नेला आणि बोटं मिटली. बायकोचा हात तिथे होता.